कोनाड्यातलं ताट

सुनेला राग यायला लागला की आपल्याकडे तिच्या माहेरची चौकशी होते. तिची नाडी मात्र कुणी बघत नाही. धारवाडात माळमड्डीला राहणाऱ्या दीपश्रीच्या बाबतीत असंच झालं, आणि तेही चांगल्या शिकल्यासवरल्या घरात.

दीपश्री हुबळीच्या विद्यानगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. रोज सकाळी डबा घेऊन चिगरी ही हुबळी-धारवाडची जलद बस पकडायची आणि संध्याकाळी परत यायची. बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकून तो निळाकाळा करून दाखवताना मुलांइतकीच तीही खूश व्हायची. नवरा श्रीहर्ष बँकेत, मुलगी वेदश्री नुकतीच बालवाडीत जायला लागलेली. आणि घर ज्यांच्यावर उभं होतं त्या सासूबाई, अंबूताई.

अंबूताईंची मडी कडक. मडी म्हणजे आपलं सोवळं. सकाळी अंघोळ करून मडीचं लुगडं नेसलं की नैवेद्य होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही, नातीनंसुद्धा नाही. पाणी असो की कॉफी, भांड्याला ओठ न लावता वरून प्यायची. एवढं असूनही बाई तोंडाच्या गोड आणि हाताच्या सढळ होत्या. भांडीधुणं करायला रायापूरहून शेवंता यायची. मूळची अळणावरकडची, या घरात तिला इतकी वर्षं झाली होती की श्रीहर्षच्या शाळेच्या चड्ड्यासुद्धा तिनेच धुतलेल्या. अंबूताई तिला सणाला लुगडं द्यायच्या, आजारी पडली तर घरी डबा पाठवायच्या. फक्त तिचा कप वेगळा होता. परसदारच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तो पालथा घातलेला असायचा. शेवंता तो स्वतः काढायची, अंबूताई वरून कॉफी ओतायच्या, शेवंता पायरीवर बसून प्यायची आणि विसळून परत ठेवायची. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं. जी गोष्ट रोज दिसते ती हळूहळू दिसेनाशी होते, तुमच्या-आमच्या घरातही!

तर, दीपश्रीला राग यायला लागला. कपाट जोरात लावायची, वेदश्रीवर ओरडायची आणि मग स्वतःच रडत बसायची. भात दोनदा वाढून घ्यायची, तरी ब्लाउज ढगळ होत चालले होते. धारवाडच्या थंडीत पंखा लावून झोपायची आणि श्रीहर्ष दोन चादरी घेऊन कुडकुडायचा.

"हल्ली तू फार चिडकी झालीस हं," तो म्हणायचा.

शेजारच्या कमलबाई तर कुंपणावरून निकालच देऊन टाकायच्या. "नोकरीवाल्या सुना ह्या अशाच हो अंबूताई. पगार आला की आवाज चढतोच."

एका सकाळी दीपश्रीच्या हातातून कॉफीचा लोटा निसटला. तिने दुसरा घेतला, तोही थरथरला. मडीतल्या अंबूताई लांबूनच बघत होत्या. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं.

"श्रीहर्ष," त्या म्हणाल्या, "हा राग नव्हे. हे दुखणं आहे. आजच्या आज हिला डॉक्टरकडे ने."

घरात पहिल्यांदा हे कुणी ओळखलं असेल तर त्या जुन्या वळणाच्या बाईंनी! रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करत होती. तिने सगळं शरीर पळायला लावलं होतं; भूक, घाम, राग, जागरण, सगळं तिच्यातून येत होतं. गोळ्या सुरू झाल्या, दीपश्री पुन्हा पहिल्यासारखी हसायला लागली आणि श्रीहर्षने कान पकडून माफी मागितली. पण गोळ्या बंद केल्या की दुखणं परत यायचं. दोनदा असं झालं. दुसऱ्या खेपेला ती प्रयोगशाळेतच घेरी येऊन टेबलाला धरून खाली बसली. छातीचे ठोके आता नुसते जलद नव्हते, त्यांचा तालही चुकत होता.

हुबळीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉ. शुभांगी हेब्बळ्ळी यांच्याकडे तिला पाठवलं. श्रीहर्षबरोबर अंबूताईही हट्टाने गेल्या.

"थायरॉईडला आयोडीन लागतं," डॉक्टर समजावू लागल्या. "जेवणातून येणारं आयोडीन ही ग्रंथी ओढून घेते, बाकीच्या शरीराला त्याचं फारसं काम नसतं. म्हणून आम्ही तिला आयोडीनच देतो, पण किरणं सोडणारं. ग्रंथी ते नेहमीसारखं घेते आणि तिच्या जास्तीचं काम करणाऱ्या पेशी आतल्या आत निकामी होतात. चिरफाड नाही, भूल नाही. एक कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळायची."

"इतकंच?" अंबूताईंनी विचारलं.

"इतकंच, अज्जी. मात्र गुण लगेच दिसत नाही. दोन-तीन महिने धीर धरायचा. आणि पुढे बहुतेकांची ग्रंथी मंदच होते, मग रोज सकाळी एक छोटी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ते सोपं आहे, पण आधी सांगितलेलं बरं. दिवस गेलेले नाहीत याची तपासणी करायची, आणि नंतर निदान सहा महिने तो विचार करायचा नाही."

दीपश्री मान हलवत होती. हे सगळं तिला पुस्तकातून माहीतच होतं. मग डॉक्टर पुढे म्हणाल्या, "औषध घेतल्यावर काही दिवस अंगातून थोडी किरणं बाहेर येतात. मोठ्यांनी दोन-तीन हात लांबून बोललं तर घाबरायचं कारण नाही. पण लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं. झोपायची खोली वेगळी, संडास-न्हाणी शक्य तर वेगळी, ताटवाटी वेगळी, कपडे वेगळे धुवायचे. घरात मूल आहे म्हणून आपण जरा जास्तच दिवस धरू या. परत यायची तारीख मी लिहून देते."

दीपश्रीचा चेहरा उतरला.

"मला विचार करायला वेळ हवा," ती म्हणाली आणि पर्स उचलून उभीच राहिली.

वाचकहो, रसायनशास्त्र शिकवणारी बाई आयोडीनला घाबरली असं समजू नका. गोष्ट निराळी होती. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा परसदारी एक छोटी खोली होती. महिन्याच्या त्या दिवसांत बायकांनी तिथं बसायचं, ताट तिथंच, अंथरूण तिथंच. दीपश्रीने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "मी बाहेर बसणार नाही. मला हे पटत नाही." अंबूताई तेव्हा एक शब्द बोलल्या नव्हत्या. बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलणं चाललं. मग हळूहळू त्या खोलीत नारळ आणि जुने पेपर साठू लागले. ती लढाई आपण जिंकलो, असं दीपश्रीने मनात ठेवलं होतं. आणि आता वेगळं ताट, वेगळं अंथरूण, वेगळी खोली!

घरी आल्यावर स्वयंपाकघरात श्रीहर्षला ती दबक्या आवाजात म्हणाली, "ऑपरेशनचं विचारू. नाहीतर गोळ्याच चालू ठेवू. पण मी त्या खोलीत जाऊन बसणार नाही. मेले तरी नाही!"

"अगं, डॉक्टर काय म्हणाल्या? ऑपरेशन करायचं तर आधी छाती शांत व्हायला पाहिजे. आणि गोळ्यांनी दोनदा दगा दिलाय."

"तुला नाही कळणार. आईंना काय वाटेल? शेवटी आली ना खोलीत, असंच ना?"

दाराआड अंबूताई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्या देवघरात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दीपश्रीने रजा घेतली होती, कारण जिना चढताना तिला धाप लागत होती. दुपारी घरात सामसूम असताना अंबूताई तिच्यासमोर येऊन बसल्या. मडी सोडलेली होती. त्यांनी सुनेचा थरथरणारा हात आपल्या हातात घेतला.

"दीपश्री, एक विचारू? तू त्या वेळी नाही म्हणालीस, तेव्हा मला राग आला असं तुला वाटलं काय?"

दीपश्रीने होकाराची मान हलवली.

"राग नव्हता गं. हेवा वाटला होता," अंबूताई म्हणाल्या. "श्रीहर्ष अंगावर पिता होता तेव्हा मला त्या खोलीत ताप भरला होता. दूध पाजायला लेकरू आणून द्यायचे, आणि पाजून झालं की त्याचे कपडे काढून, अंघोळ घालून आत न्यायचे. थंडीत! मी तापात आहे हे कुणी विचारलं नाही, कारण मला शिवायचं नव्हतं. हे असं का, एवढं विचारायचं धाडस मला झालं नाही. तू आल्याआल्या विचारलंस. मग मी काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं."

दीपश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मला वाटलं—"

"थांब, माझं संपलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तुला लांब बसायला सांगितलंय, ते का आणि कुठवर हे पण सांगितलंय. तुझ्यातनं खरोखर काहीतरी येणार आहे, ते आपल्या वेदश्रीला लागू नये म्हणून तू बसायचंस. माझ्यातनं काय येत होतं गं? काही नाही! ते बसवणं वेगळं आणि हे बसणं वेगळं. दोन्ही एकाच मापानं मोजून आपला जीव धोक्यात घालू नकोस."

"पण ती खोली, आई..."

"त्या खोलीचं नाव कोण घेतंय? तू माझ्या खोलीत राहायचंस."

अंबूताईंची खोली देवघराला लागून होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिथं आतच न्हाणी बांधून घेतली होती. त्या खोलीत मडी नसताना कुणी पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. मोठी खिडकी होती, दिवसभर ऊन येई, आणि खिडकीतून अंगणातलं सगळं दिसे.

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर हॉलमध्ये, नातीबरोबर. म्हातारीला आता कुठंही झोप लागते की. माझ्या गुडघ्याला लांबची न्हाणी पडेल, तेवढं मी सोसते. देव काय म्हणतील ते मी बघून घेईन!"

सासूसुना दोघीही रडल्या आणि दोघींनीही त्याचं खापर डोळ्यांत गेलेल्या धुळीवर फोडलं, कारण तेवढ्यात श्रीहर्ष घरी आला होता.

पुढची तयारी अंबूताईंनी अशी केली, की मला तर त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं वाटतं. जन्मभर मडी सांभाळलेली बाई! कुठलं भांडं कुठल्या भांड्याला लागू द्यायचं नाही, कुठलं धुणं कुठं वाळत घालायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नकोच होतं. औषधाआधी काही दिवस आयोडीनचं मीठ बंद करायला सांगितलं होतं, तेव्हा उपासाचं सैंधव त्यांनी सगळ्यांच्याच जेवणात वापरलं. "एकटीला वेगळं कशाला? सगळेच खाऊ की." घरात गोंधळ घातला तो श्रीहर्षनेच, कारण त्याला प्रत्येक नियमाला एक अपवाद हवा होता.

संक्रांत झाल्यावर दीपश्रीने ती कॅप्सूल घेतली. छोट्या काचेच्या नळीतून ती तोंडात टाकली, वर ग्लासभर पाणी. ज्या आयोडीनचे थेंब ती बटाट्यावर टाकत आली होती, त्याचाच हा भाऊबंद. शरीरभर फिरून तो नेमका गळ्याशी जाऊन थांबणार होता. केवढी ही माणसाच्या बुद्धीची कमाल! सुरी न लावता, थेंबभर रक्त न सांडता. गिळताना दीपश्रीने मनात हात जोडले.

सासूच्या खोलीत तिचे दिवस सुरू झाले. सकाळी अंबूताई मडीतच ताट आणून उंबऱ्यापाशी ठेवत आणि मागे सरत. मग दाराबाहेर लांब खुर्ची टाकून बसत आणि गप्पा मारत. ताप भरला असताना त्यांना जे मिळालं नव्हतं, ते त्या सुनेला भरभरून देत होत्या. "जेवलीस काय? कोशिंबीर उरली का? पाणी पी भरपूर, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." वेदश्री अंगणात उभी राहून खिडकीतल्या आईला आपली चित्रं दाखवायची आणि आईने लांबूनच नावाजलं की पुन्हा दुसरं काढायला पळायची. एकदा श्रीहर्षला राहवलं नाही. त्याने पोरीला उचललं आणि "एकच मिनिट, नुसतं बिलगू दे" म्हणत दाराशी आला.

अंबूताई आडव्या आल्या. "एक पाऊल पुढं टाकशील तर बघ! माया दाखवायची ती लांबून दाखव. ती आत एकटी कुणासाठी बसली आहे? ह्याच पोरीसाठी ना?"

श्रीहर्ष ओशाळून मागे फिरला.

जेवण झालं की दीपश्री आपलं ताट, वाटी, पेला स्वतःच धुवायची आणि खिडकीतून हात बाहेर काढून खालच्या कट्ट्यावर ठेवायची. ही भांडी आतल्या भांड्यांत मिसळायची नव्हती. मग ठेवायची कुठं? अंबूताईंनी फारसा विचार न करता ती परसदारच्या कोनाड्यात ठेवली. तिथं शेवंताचा कप होता, त्याच्या शेजारी.

इकडे आळीत कुजबुज सुरू झाली. कमलबाईंनी कुंपणाकडची खिडकीच बंद करून घेतली. हळदीकुंकवाचं बोलावणं या घरी आलं नाही. शेवंता एका सकाळी आली ती जरा घुश्शातच.

"अक्का, त्या कमलबाई म्हणाल्या, तिकडं जाऊ नको, त्या घरात विषारी किरणं हायत. तुझी हाडं वितळतील म्हणाल्या."

अंबूताई लगबगीने पुढे आल्या. शेवंता यायची थांबली तर? "मग तू काय म्हणालीस?"

"म्या म्हटलं, अक्कांच्या घरात लहान लेकरू ऱ्हातंय. लेकराला घरात ठेवून अक्का गप बसतील व्हय? पण मला खरं काय ते सांगा. न्हाई तर मी तरी डोळं झाकून कसं येऊ?"

किती रास्त मागणी होती ती! अंबूताईंनी तिला पायरीवर बसवलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. "तू लांबून काम करतेस, तुला काही होत नाही. तिच्या कपड्यांना हात लावू नकोस, ते ती स्वतः धुते. लहान लेकरं आणि पोटुशी बाई, त्यांनीच जपायचं."

"असं म्हणा की मग." शेवंता निवांत झाली. कॉफीचा कप काढायला ती कोनाड्याकडे गेली आणि थबकली. "अय्यो, बाईंचं ताट हितं कसं?"

"वेगळं ठेवायचं आहे ना, म्हणून."

"असंच ऱ्हाणार व्हय आता ते हितं?"

"छे गं! तारीख दिली आहे डॉक्टरीणबाईंनी. ती तारीख झाली की धुवून आत."

"मग पुन्हा सगळ्यांच्या भांड्यांत?"

"मग! त्याच्यावर काय राहतंय तेव्हा? काही नाही."

शेवंताने मान हलवली. तिने कप पुढे धरला, अंबूताईंनी वरून कॉफी ओतली. शेवंता प्याली, कप विसळला आणि कोनाड्यात त्या ताटाशेजारी पालथा घातला. मग झाडू घेऊन अंगणात गेली. टोमणा मारायचा तिचा स्वभावच नव्हता. पण अंबूताई त्या कोनाड्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातातली कॉफी निवून गेली.

माणसाला स्वतःवर झालेला अन्याय लवकर उमगतो. आपल्या हातून होणारा कळायला फार वेळ लागतो. त्या दिवसापासून अंबूताई परसदारी गेल्या की त्यांची नजर कोनाड्यावरून हटेना. सुनेचं ताट आणि शेवंताचा कप. दोन्ही स्टीलची, दोन्ही लख्ख धुतलेली.

ठरलेल्या दिवशी सगळे डॉ. शुभांगींकडे गेले. डॉक्टरांनी एक यंत्र दीपश्रीच्या गळ्यासमोर धरून मोजणी केली आणि हसल्या. "झालं! आता खुशाल लेकीला कुशीत घ्या. आता दर काही आठवड्यांनी रक्त तपासत राहू."

"डॉक्टरीणबाई," अंबूताई म्हणाल्या, "ताटाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? धुवा आणि वापरा."

"त्याला किरणं लागली असतील ना?"

"अज्जी, ह्या आयोडीनची ताकद आठ दिवसांत निम्मी होते, पुढच्या आठ दिवसांत निम्म्याची निम्मी. वर तुम्ही रोज धुतलंय. आता ते ताट तुमच्या-माझ्या ताटासारखंच."

"म्हणजे खरोखरचं असलेलंसुद्धा धुतल्यानं आणि दिवस गेल्यानं जातं?"

"जातं, अज्जी."

परतीच्या वाटेवर त्या खिडकीशी बसल्या होत्या. रायापूरपाशी बस थांबली तेव्हा बाहेर बघत त्यांनी सुस्कारा सोडला, तो दीपश्रीने ऐकला.

घरी आल्यावर वेदश्रीने आईच्या गळ्याला जी मिठी मारली, तिचं वर्णन मी करत नाही. आई झालेल्यांना ते ठाऊकच आहे. ती मिठी सुटल्यावर दीपश्री आपलं ताट आत आणायला परसदारी गेली. अंबूताई आधीच तिथं उभ्या होत्या. शेवंता नळापाशी भांडी घासत होती.

"आई, ताट घेऊ ना आत?"

"घे. तुझ्या ताटाची तारीख झाली." मग त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवलं. "पण ह्या कपाची तारीख कुठली गं, दीपश्री?"

दीपश्री दचकली. हा कप तिने पहिल्या दिवसापासून पाहिला होता. तेव्हा खटकलाही होता. पण स्वतःची खोली जिंकल्यावर दुसऱ्याच्या कपासाठी भांडायचं राहूनच गेलं होतं. तिची मान खाली गेली.

"आई, मी शिकलेली. मी बोलायला हवं होतं."

"तू राहू दे. घर माझं, मडी माझी, चूक माझी!" अंबूताईंनी तो कप कोनाड्यातून काढून हातात घेतला. "इतके दिवस मी हाच विचार करायले. तुझ्या ताटावर खरोखरची किरणं होती, यंत्रावर मोजता येणारी. तीसुद्धा धुतल्यानं आणि दिवस गेल्यानं गेली. मग ह्या कपावर असं काय आहे, की इतकी वर्षं रोज धुऊनही ते जात नाही? सांग की, तू रसायन शिकवतेस ना!"

"त्याच्यावर काहीच नाही, आई."

"नाहीच! जे आहे ते माझ्या डोळ्यांत आहे. आणि मी मात्र तिला कप धूत बसवलं!"

नळ चालूच होता, पण शेवंताचे हात थांबले होते.

"शेवंता, ऊठ. हात धू आणि आत ये."

"आत? काम राहिलंय वो अक्का."

"काम नाही. कॉफी प्यायची आहे."

शेवंता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. त्या उंबऱ्याच्या आत तिने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. "अक्का, तुमची मडी?"

"मडी मी नेसते. ती तू का सोसायचीस? ये."

शेवंता आत आली, पण पाटावर बसेना. पदराशी चाळा करत म्हणाली, "मला माझा कपच बरा वो. सवय झालीया."

"सवय मलाच जास्त झाली होती," अंबूताई म्हणाल्या. "बस."

त्यांनी फडताळातून आपला लोटा काढला. देवाला नैवेद्य दाखवल्यावर त्या ज्यातून पाणी पीत, तो. त्यात कॉफी ओतून तो शेवंताच्या हातात दिला. वरून ओतली नाही, लोटाच हातात दिला. बोटांना बोटं लागली. मग कोनाड्यातला तो कप त्यांनी स्वतःपुढे ओढला, त्यात स्वतःची कॉफी ओतली, आणि जन्मभर वरून पिणाऱ्या त्या बाईने तो कप ओठांना लावला!

दीपश्रीने तोंडावर हात धरला. दाराशी आलेला श्रीहर्ष तिथंच थिजला. शेवंताच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तरी तिने एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तिने विचारलेला तो पहिलाच असा प्रश्न असेल.

"अक्का, हे आजच्यापुरतं हाय का?"

अंबूताईंनी कप खाली ठेवला.

"नाही गं बाई. ह्याला तारीख नाही."

आज दीपश्रीच्या हाताला कापरं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी तिची ग्रंथी आता मंद झाली आहे, सकाळी उठल्यावर ती एक छोटी गोळी घेते आणि चिगरी पकडून विद्यानगरला जाते. श्रीहर्ष एकच चादर घेऊन झोपतो. कमलबाईंनी खिडकी उघडली आहे. त्यांना सगळं नीट समजावून सांगायला अंबूताई स्वतः गेल्या होत्या, कॉफीचा थर्मास घेऊन. परसदारचा कोनाडा रिकामा आहे.

मित्रांनो, औषधासाठी ठेवलेलं अंतर जरूर पाळावं, कारण त्यामागे ज्ञान असतं, माया असते, आणि ते कधी संपणार हेही ठरलेलं असतं. पण ज्या अंतराचं कारण कुणाला सांगता येत नाही आणि ज्याची तारीख कधीच येत नाही, ते अंतर म्हणजे दुखणं. ते दुसऱ्याच्या अंगात नसतं, आपल्या मनात असतं. त्यावर आयोडीन चालत नाही. आपल्या घरात असा एखादा कप असेल, तर आज परसदारी जाऊन तो स्वतःच्या हाताने आत आणा.